मास्क सगळ्यात शेवटी: कामाच्या ठिकाणचे कर्करोगकारक पदार्थ कसे ओळखायचे, कसे टाळायचे

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये टिग वेल्डिंग करणारा कारागीर बघा. आर्क मारताना तोंडावर हेल्मेट, हातात चामडी मोजे, सगळं जागच्या जागी. पण त्याआधी तो जिच्या टोकातून आर्क निघतो ती टंगस्टनची कांडी बेंच ग्राइंडरवर धरून तिला टोक काढतो, शाळेत आपण पेन्सिलीला काढायचो तसं. तेव्हा ना चष्मा, ना मास्क. राखाडी पूड बोटांवर, शर्टावर आणि तो वाकून बघत असतो म्हणून थेट नाकात. कांडीला लाल पट्टी असेल तर तिच्यात साधारण दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. कांडी हातात धरल्याने फारसं बिघडत नाही. पूड फुप्फुसात जाऊन बसली की मात्र ती तिथूनच किरणं सोडत राहते. सोनेरी किंवा निळ्या पट्टीची लँथेनमची कांडी तेच काम करते. ती मागवायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सेफ्टी ऑफिसर म्हणून बावीस वर्षं वेगवेगळ्या एमआयडीसींमध्ये काढली. भाजणाऱ्या, झोंबणाऱ्या, घाण वास येणाऱ्या गोष्टीला माणूस आपोआप बिचकतो. कर्करोग देणाऱ्या बऱ्याच गोष्टी झोंबतच नाहीत. बेंझिनचा वास गोडसर असतो, दगडाच्या धुळीला वासच नसतो, ॲस्बेस्टॉसचा तंतू डोळ्याला दिसत नाही. दुखणं उगवतं ते दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी. तोवर कंपनी बदललेली असते, सुपरवायझर गावी गेलेला असतो आणि डब्यावरचं लेबल भंगारात. म्हणून इथे दोन कामं एकत्र करायची आहेत: आज संपर्क तोडायचा, आणि उद्यासाठी नोंद ठेवायची.

पहिली पायरी: एक अख्खी पाळी नुसती बघा

केमिकलची यादी मागून सुरुवात करू नका. यादी स्टोअरमध्ये असते, धोका कामात असतो. वही घेऊन एका कोपऱ्यात उभे राहा आणि लिहा: धूळ कुठे उडते, धूर कुठून निघतो, कोणतं भांडं उघडं राहतं, हात कशाने धुतात, डबा कुठे खातात. हात धुण्यावर खास लक्ष ठेवा. गॅरेजमधला पोऱ्या पेट्रोलने हात धुतो, पेंटर थिनरने. दिवसभरात नाकातून गेलं नसेल तेवढं संध्याकाळी कातडीतून जातं. हाताला खोबरेल किंवा कुठलंही गोडं तेल चोळून मग साबण लावला की ग्रीस आणि ऑइल पेंट दोन्ही निघतात.

उत्पादन चालू असताना जे दिसतं ते बहुतेकदा बऱ्यापैकी असतं. खरा धोका साफसफाईत आणि दुरुस्तीत. एका कारखान्यात (नाव घेत नाही) धूळ ओढणारी यंत्रणा उत्तम होती, ऑडिटला आलेले लोक तिचे फोटो काढायचे. तिच्या पिशव्या दर रविवारी ठेकेदाराची दोन पोरं काठीने झटकायची, तोंडाला रुमाल बांधून. आठवडाभर अख्ख्या शेडमधून गोळा केलेलं सगळं त्या दोघांच्या वाट्याला. म्हणून रविवारी जा, शटडाऊनला जा, रात्रपाळीला जा.

एक सोपी युक्ती. शेडमधले दिवे मालवा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि झोताच्या बाजूने, थोडं उजेडाकडे तोंड करून बघा. हवा स्वच्छ वाटत होती तिथे धुळीचा ढग तरंगताना दिसेल. हे मोजमाप नव्हे, पण धूळ कुठून निघून कुणाच्या तोंडाकडे जाते ते कळतं. मालकाला पटवायला याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही.

दुसरी पायरी: नाव शोधा

"थिनर", "सोल्युशन", "पावडर", "ॲसिड" ही नावं नव्हेत. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या मालाचं सुरक्षा माहितीपत्रक, मागवा. तिचे सोळा भाग असतात, पण सगळे वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, तिसऱ्यात घटक, आठव्यात मास्क-मोज्यांचा प्रकार, अकराव्यात शरीरावरचे परिणाम. दुसऱ्या भागात एच ३५० हा संकेत दिसला तर अर्थ "कर्करोग होऊ शकतो", एच ३५१ म्हणजे "तसा संशय आहे". डब्यावर माणसाच्या छातीत चांदणी फुटल्यासारखं चित्र असेल तर ते दीर्घकालीन आजारांचं चिन्ह आहे. तिसऱ्या भागातला सीएएस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळखक्रमांक, लिहून घ्या. व्यापारी नावं दहा असली तरी हा नंबर एकच राहतो: बेंझिन ७१-४३-२, फॉर्माल्डिहाइड ५०-००-०, ट्रायक्लोरोएथिलीन ७९-०१-६.

माल मोठ्या ड्रममधून पाण्याच्या बाटलीत ओतून घेतला असेल तर लेबल ड्रमवरच राहिलं. त्या बाटलीवर मार्करने नाव लिहिणं हे पहिल्याच दिवशी, एक पैसा खर्च न करता होणारं काम आहे.

नाव मिळालं की ते फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत बघा. ही जागतिक आरोग्य संघटनेची संस्था, आयएआरसी म्हणून ओळखली जाते. गट १ म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध, २ए म्हणजे बहुधा होतो, २बी म्हणजे शक्यता आहे. इथे भलेभले चुकतात. गट पुरावा किती पक्का ते सांगतो, पदार्थ किती जहाल ते नाही. ऊन आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही गट १ मध्ये आहेत, म्हणून दोन्ही सारखेच घातक होत नाहीत. किती, किती वेळ आणि कोणत्या वाटेने, हे तुमच्या वहीतूनच कळायचं.

तिसरी पायरी: आपल्या धंद्यात काय आहे ते ओळखा

दगड, वाळू, बांधकाम. शत्रू म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिने सिलिकोसिस, म्हणजे धुळीने फुप्फुसं निबर होण्याचा आजार, होतो, क्षयाची शक्यता वाढते आणि फुप्फुसाचा कर्करोगही होतो. सगळे दगड सारखे नसतात. आपल्या देशावरच्या काळ्या कातळात मोकळी सिलिका थोडी, संगमरवर आणि कडप्प्यातही थोडी. ग्रॅनाइटमध्ये भरपूर, वाळूच्या दगडात आणखी जास्त. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्झ हल्ली फॅशनमध्ये आहे त्यात तर नव्वद टक्क्यांवर. तरुण कारागिरांना सिलिकोसिस होताना पाहून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो दगड वापरण्यावरच बंदी आणली. आपल्याकडे तोच दगड बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कोरड्या ब्लेडने कापतात आणि खाली मुलं खेळत असतात. कटरला पाण्याची धार लावणं हा यावरचा निम्म्याहून मोठा इलाज आहे. पाणी लावलं की लगदा होतो, फरशी खराब होते, मालकीण ओरडते, ओरडू द्या. लगदा ओला असतानाच उचला, वाळला की पुन्हा धूळच.

सिंधुदुर्गात कासार्डे भागातल्या सिलिका वाळूच्या खाणी आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या फाउंड्र्या यांचंही दुखणं हेच. फाउंड्रीत भट्टीजवळ सगळ्यांचं लक्ष असतं, पण धूळ सर्वांत जास्त निघते ती नॉक-आऊटला, म्हणजे साचा फोडताना, आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेली वस्तू घासून साफ करताना. लोखंड-पोलाद ओतकाम हा संपूर्ण व्यवसायच गट १ मध्ये आहे.

ॲस्बेस्टॉस. भारतात ते खणणं थांबलं, आयात मात्र चालू आहे आणि सिमेंटचे पत्रे सगळीकडे आहेत. छपरावर शांत पडलेला धड पत्रा फारसा त्रास देत नाही. फोडला, कापला, ड्रिल मारलं की तंतू सुटतात. जुना पत्रा काढायचा तर आधी पाणी मारून चिंब करा, नट खोलून अखंड उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वरून टाकू नका. बॉयलरचं जुनं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टन), दोरी, गॅस्केट, जुन्या गाड्यांचे ब्रेक लायनर, मुंबईत दारूखाना भागात आणि गुजरातेत अलंगला तोडली जाणारी जहाजं, या सगळ्यांत ते असू शकतं. ब्रेक ड्रम हवेच्या पाइपने फुंकण्याची सवय आजच सोडा, ओल्या फडक्याने पुसा. अमेरिकेत इन्सुलेशनच्या कामगारांवर झालेल्या अभ्यासात, ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पाचपट, नुसत्या सिगारेटने दहापटीच्या आसपास आणि दोन्ही मिळून पन्नासपटीवर गेलेला दिसला. बिडी सोडा असं सांगितलं की "मग कंपनीची काय चूक" असं ऐकवलं जातं. चूक कंपनीचीच असते. बिडी सोडायचीच असते.

वेल्डिंग. २०१७ साली आयएआरसीने वेल्डिंगचा धूर आणि त्याचे अतिनील किरण दोन्ही गट १ मध्ये घातले. स्टेनलेस स्टीलच्या धुरात सहा संयुजेचा क्रोमियम आणि निकेल असतात, त्यामुळे तिथे काळजी दुप्पट. हार्ड क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर काम करणाऱ्यांना तोच क्रोमियम वाफेच्या तुषारांतून मिळतो. नाकात खपल्या धरत असतील, रक्त येत असेल तर नाकाचा पडदा तपासून घ्या.

सुतारकाम. लाकडाचा भुसा निरुपद्रवी आहे असं सुतारालाच सर्वांत जास्त वाटतं. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात १९६० च्या दशकात नाकाच्या पोकळीतला एरवी अगदी दुर्मीळ कर्करोग सुतारांमध्ये सापडला, तेव्हापासून हे माहीत आहे. कठीण लाकडाची बारीक पूड अधिक वाईट, म्हणजे रंध्याच्या ढलप्यांपेक्षा सँडरची. एमडीएफ आणि प्लायमध्ये चिकटवलेल्या राळेतून फॉर्माल्डिहाइड निघतो. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा सतत चोंदणं असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरकडे जाताना "मी सुतार आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

रंग आणि रसायनं. जर्मन शल्यविशारद लुडविग रेन याने १८९५ साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचे कर्करोग दाखवून दिले. दोष होता सुगंधी अमाइन या रसायनांचा (नावातल्या 'सुगंधी'चा वासाशी संबंध नाही): बेंझिडिन, बीटा-नॅफ्थिलअमाइन. ही कातडीतूनही आत जातात, त्यामुळे नुसत्या मास्कचा उपयोग नाही. भारतात बेंझिडिनवर १९९३ साली बंदी आली. पण त्याआधी ज्यांनी फिल्टर प्रेसमधून हाताने केक (गाळून उरलेला ओला गोळा) काढला, त्यांची वेळ अजून संपलेली नाही. लघवीतून न दुखता रक्त आलं, एकदाच आलं आणि थांबलं, तरी तपासणी झालीच पाहिजे. दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो, तिथेच वर्ष जातं.

बेंझिन हा रक्ताच्या कर्करोगाचा दगाबाज. १९७० च्या दशकात इस्तंबूलमध्ये मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरांना चपला-बूट बनवणाऱ्यांमध्ये हा कर्करोग सापडला, कारण डिंकात बेंझिन होतं. धारावीतल्या माळ्यांवर बंद खोलीत सोल्युशनचा डबा उघडा ठेवून काम चालतं, तिथे हे आठवतं. पेट्रोलमध्ये बीएस-६ या सरकारी मानकानुसार बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का असतं. पंपावरच्या मुलांसाठी साधा नियम: नोझल आपोआप बंद झाल्यावर "अजून थोडं" भरायचं नाही, टाकीत वाकून बघायचं नाही, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं.

बाकी भराभर. डिझेलचा धूर २०१२ पासून गट १ मध्ये. डेपो आणि गॅरेजमध्ये धुराच्या नळीचं तोंड शेडच्या बाहेर करूनच इंजिन चालू करा. अग्निशमन जवानांचा व्यवसाय २०२२ पासून गट १ मध्ये. आग विझल्यावर ढिगारा उपसताना श्वसनयंत्र काढतात, ते काढू नका. रात्रपाळी २ए. केस सरळ करायच्या काही ट्रीटमेंटमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं. पार्लरमध्ये डोळे चुरचुरले की ओळखा.

एक्स-रे तंत्रज्ञांनी टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेली किरणं मोजणारा बिल्ला, एप्रनच्या आत छातीवर लावावा. खुंटीवर लटकवलेला बॅज खुंटीचा डोस मोजतो. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

शेतकऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण हा लगेच होणाऱ्या विषबाधेचा आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे कर्करोगाच्या दृष्टीने निर्धोक, असा त्याचा अर्थ नाही.

चौथी पायरी: निघते तिथेच धरा

क्रम ठरलेला आहे. आधी तो पदार्थ काढता येतो का ते बघा. नाही तर बदला: लाल पट्टीच्या कांडीऐवजी सोनेरी, सॉल्व्हंटऐवजी पाण्यातला रंग, वाळूच्या ब्लास्टिंगऐवजी स्टील शॉट. तेही नाही तर झाकण, पाणी किंवा ओढणारा पंखा. त्यानंतर पाळ्या बदलणं, संपर्कात येणारी माणसं कमी करणं. मास्क सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम बरोब्बर उलटा पाळतात, कारण मास्क चाळीस रुपयांना येतो आणि रजिस्टरवर सही घेता येते.

ओढणाऱ्या पंख्याबद्दल एक प्रयोग करा. मेणबत्ती लावा, हातभर अंतरावरून फुंकर मारा, विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. नाही जमणार. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं की ओढीचा वेग साधारण दहा टक्क्यांवर येतो. म्हणजे सहा इंची पाइप वेल्डिंगपासून दोन फुटांवर टांगला असेल तर तो शोभेचा आहे. तोंड कामाच्या अगदी जवळ आणा आणि माणसाचं नाक धुराच्या वाटेत येणार नाही असं बाजूला ठेवा. भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन धूर बाहेर नेतो खरा, पण बऱ्याचदा कामगाराच्या तोंडासमोरून.

कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा, या दोन गोष्टी धुळीच्या कामावर बंदच करा. ओलं पुसणं किंवा बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम. कपड्यावर हवा मारून घेणारा माणूस धूळ झटकत नाही, हुंगतो.

पाचवी पायरी: मास्क घालायचाच तर

रुमाल, गमछा आणि कापडी मास्क बारीक धुळीला अडवत नाहीत. धूळ आणि धुरासाठी आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला, एफएफपी२ किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा मास्क घ्या. थिनर, पेट्रोल, सोल्युशनच्या वाफेला तो मास्क काहीच करत नाही; तिथे सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची गाळणीची डबी, लागतं. कार्ट्रिजच्या रंगावर जाऊ नका. युरोपी पद्धतीत सेंद्रिय वाफांचा पट्टा तपकिरी, अमेरिकी पद्धतीत काळा, आणि बाजारात दोन्ही मिळतात. छापलेलं वाचा. पाकीट फोडल्याची तारीख वर लिहा. उघड्यावर टांगलेलं कार्ट्रिज न वापरताही संपत जातं.

दाढी असेल तर मास्क बसत नाही, हे सांगायला अवघड जातं पण सांगावं लागतं. दोन्ही पट्टे लावा, नाकाची पट्टी दाबा, दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर पुन्हा बसवा. मोज्यांचंही तसंच. दवाखान्यातला पातळ लेटेक्स मोजा सॉल्व्हंटला थोपवत नाही. शीटच्या आठव्या भागात लिहिलेलाच मोजा घ्या.

सहावी पायरी: घरी नेऊ नका

ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. कामाचे कपडे कामावरच बदला. नाहीच जमलं तर वेगळ्या पिशवीत बांधून आणा, न झटकता थेट पाण्यात बुडवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. पोराला उचलून घ्यायच्या आधी अंघोळ.

सातवी पायरी: हक्क वापरा

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं. कामगाराला धोक्याची माहिती देणं, आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्या त्याला बघू देणं ही मालकाची जबाबदारी ठरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं की आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर जपायच्या.

अर्ज तोंडी करू नका. "माझ्या विभागात वापरल्या जाणाऱ्या पदार्थांच्या सेफ्टी डेटा शीट आणि माझ्या वैद्यकीय तपासणीच्या प्रती मिळाव्यात" एवढं एक वाक्य, तारीख, आणि पोच. चार जणांच्या सह्या असल्या तर एकट्यावर राग निघत नाही. दाद लागली नाही तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत सिलिकोसिसही आहे, ॲस्बेस्टॉसने होणारे कर्करोगही आहेत. डॉक्टरने कागदावर कारण लिहिलं तरच त्याचा उपयोग.

आठवी पायरी: डॉक्टर आणि वही

वर्षातून एकदा वजन, उंची, बीपी आणि रक्तगट तपासून "फिट" असा शिक्का मारतात, त्याला मेडिकल म्हणू नका. रक्तगट गेल्या वर्षीचाच असतो. बेंझिनवाल्याला रक्ताची संपूर्ण तपासणी हवी, सिलिकावाल्याला छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची क्षमता चाचणी, अमाइनवाल्याला लघवीची पेशीतपासणी. क्षयाची औषधं पूर्ण घेऊनही दम कमी होत नसेल आणि दगडाचं काम केलेलं असेल तर सिलिकोसिसचं विचारा, दोन्ही एकत्रही असतात. डॉक्टर सहसा "काय काम करता" एवढंच विचारतात, आपण "कंपनीत" म्हणतो आणि विषय संपतो.

म्हणून वही. दोनशे पानी, घरी ठेवायची, कंपनीत नाही. पगाराच्या पावत्या, ओळखपत्राची झेरॉक्स, डब्यावरच्या लेबलचे फोटो छापून तिच्यातच चिकटवा. नोंद कशी असावी त्याचा नमुना देतो:

"जून २००४ ते मार्च २००९. फाउंड्री, फेटलिंग विभाग. हँड ग्राइंडर, रोज आठ तास, शनिवारी ओव्हरटाइम. पंखा होता, उन्हाळ्यात बंद. मास्क कापडी, महिन्याला दोन. सोबत पाच जण, त्यांची नावं आणि गावं मागच्या पानावर. एक्स-रे २००७ ला काढला, रिपोर्ट मागितला, दिला नाही. बिडी दिवसाला सहा, २०११ ला सोडली."